वळणापलीकडची वाफ

"अगं, हे गेले," एवढंच काकू फोनवर म्हणाली. मागे किटलीचा आवाज येत होता. दीड महिना होऊन गेला, तरी काकांची आठवण आली की आधी तो आवाजच ऐकू येतो...

माझे हे धाकटे काका तरुणपणी इंग्लंडला गेले, वीजकेंद्रात इंजिनिअर म्हणून. नदीच्या काठाकाठानं अशी बरीच केंद्रं होती आणि जवळच्या बाजाराच्या गावात यांचं बिऱ्हाड. काकूच्या स्वयंपाकघरातून त्यांतल्या एका केंद्राचे मनोरे दिसायचे, उभ्या ठेवलेल्या डमरूंसारखे. त्यांतून निघालेली वाफ हळूहळू ढगांत मिसळून जायची. नवी नवरी, भाषा येत नाही, बोलायला कुणी नाही... ती खिडकीशी उभी राहून पोळ्या लाटायची. वाफ दिसतेय, म्हणजे हे कामावर आहेत. संध्याकाळी दारातच काका विचारायचे, "दिसली का वाफ?" ती म्हणायची, "दिसली." मग चहा.

पुण्यात कर्वेनगरला येऊन स्थायिक झाल्यावरही तिथूनच आणलेली विजेची किटली उकळू लागली की काका हेच विचारायचे. ती बिघडली तेव्हा बुधवार पेठेतला दुकानदार म्हणाला, "जुनी झाली, नवी घ्या." काका म्हणाले, "जुना तर मीही झालोय. बदलून देता?" त्यानं मुकाट्यानं दुरुस्त करून दिली.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलानं तिकडून व्हिडिओ पाठवला. तेच मनोरे पाडत होते. व्हिडिओला आवाज नव्हता, ते गुडघे टेकल्यासारखे खाली बसले. काकूनं डोळ्यांना पदर लावला. काकांनी मला गॅलरीत नेलं.

"हे माझं केंद्र नव्हेच. माझं नदीच्या वळणापलीकडे, घरातून दिसायचंच नाही. तिला सांगू नकोस हं. तेवढाच आधार होता तिला."

मला त्या क्षणी काका फार फार आवडले.

परवा काकूकडे गेले. आता तरी सांगावं का, या विचारात होते, तर किटली लावता लावता तीच म्हणाली, "ते मनोरे यांचे नव्हते, माहितीये ना?"

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच हिवाळ्यात. शेजारणीनं बोटानं दाखवलं, तुझा नवरा त्या तिकडे म्हणून."

"आणि बोलली नाहीस?"

"दमून आलेला माणूस इतक्या हौसेनं विचारतोय. नाही दिसली म्हणू?"

किटली उकळली. वाफ खिडकीच्या काचेवर चढत गेली, समोरची सोसायटी पुसट झाली. काकूनं तिकडे पाहिलं.

"दिसली हो," ती हळूच म्हणाली.