भोकरगल्लीकडून एकटी भिकुबाई

भिकुबाईनं मला पहिल्यांदा शिव्या घातल्या तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ती अकराची. धुळ्यात आमची सरायगल्ली नाल्याच्या अलीकडे, तिची भोकरगल्ली पलीकडे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही गल्ल्यांच्या लेकी माहेरी यायच्या, सांजोऱ्या खायच्या, निंबाच्या झोक्यावर बसायच्या, आणि दुसऱ्या दिवशी नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या द्यायच्या. याला आमच्याकडे बार म्हणतात. बाहेरच्यांना सांगितलं की ते नाक मुरडतात. मुरडू देत. वर्षभर सासरी तोंड शिवून बसणाऱ्या बाईला एक दिवस मोकळा मिळत होता, त्यात कोणाच्या बापाचं काय जात होतं?

"ए पुष्पे, पांझरा नदीले इतलं पानी नही, जितलं तुना नाकमा शे!" असं ती पलीकडून ओरडली. मी रडत घरी आले, तर आईनं मलाच रट्टा दिला, उत्तर का दिलं नाहीस म्हणून. पुढच्या आखाजीला मी उत्तर पाठ करून गेले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाराला नियम एकच. कुणाच्या खऱ्या दुःखाला हात लावायचा नाही. गेलेलं माणूस, न झालेलं मूल, नवऱ्यानं टाकलेली बाई, यावर बोलायचं नाही. बाकी नाकापासून नणंदेपर्यंत सगळं चालायचं, आणि संध्याकाळी त्याच बायका एकमेकींच्या ओट्यावर आमरस खायला बसायच्या.

भोकरगल्ली आमच्यापेक्षा मजेची होती, हे मी तेव्हा कधी कबूल केलं नसतं. सगळी धाब्याची घरं, एकाला एक चिकटलेली. एका टोकाला वर चढलं की पाय जमिनीला न लावता दुसऱ्या टोकाला उतरता यायचं. तोंडाशी भोकराचं झाड होतं, त्याच्या चिकट फळांनी आम्ही फाटक्या वह्या चिकटवायचो. भिकुचे वडील, झुलालभाऊ, सायकली दुरुस्त करायचे. शत्रूच्या गल्लीतली पोर म्हणून त्यांनी मला कधी परत पाठवलं नाही. मी सायकल शिकले ती त्यांच्याच दारात, आणि पहिल्यांदा पडले तीही भिकुच्याच अंगावर.

पुढे मला जळगावला दिली, तिला नरडाण्याला. तिची सासू करडी. घरात सुनेचा आवाज उंबऱ्यापर्यंतसुद्धा पोचता कामा नये. नवरा गेल्यावर तिनं तिथल्या एमआयडीसीतल्या कामगारांसाठी खानावळ काढली. आजही रोज साठ माणसांच्या भाकऱ्या स्वतः थापते. पण एक आखाजी चुकवली नाही. एकदा तर ताप अंगात घेऊन आली आणि तशीच दोन तास भांडली.

चार वर्षांपूर्वी हायवे रुंद झाला आणि भोकरगल्ली अख्खी त्यात गेली. भिंतींवर लाल खुणा झाल्या, मग मशीन आलं, तीन दिवसांत सगळं सपाट. माणसं पारोळा, शिंदखेडा, जिथे जागा मिळाली तिथे पांगली. रस्ता लागतो, हे मलाही कळतं. मी काय बैलगाडीनं फिरत नाही. पण एवढी गल्ली गिळून तिच्या नावाची एक पाटीही लावू नये, याचा मला संताप येतो. नाला तेवढा राहिला, सिमेंटचा झाला. त्यानंतर बार बंद पडला. शिव्या द्यायच्या कुणाला?

यंदा आखाजीला माझ्या भावाची सून मेघा हिनं नवीन टूम काढली. भोकरगल्लीच्या लेकींना बोलवायचं, शाल-नारळ द्यायचं, आठवणी सांगायच्या. सगळ्यांना फोन झाले. आली एकटी भिकुबाई.

आम्ही चाळीस जणी मंडप घालून अलीकडे बसलो होतो. ती पलीकडेच रिक्षातून उतरली, सर्व्हिस रोडच्या कठड्याशी, जिथे गल्लीचं तोंड होतं. मागून ट्रक जात होते. तिनं पदर कमरेला खोचला आणि आमच्या सात पिढ्यांपासून सुरुवात केली.

"भिकुअक्का, इकडे या ना," मेघानं शाल हलवली. "तुमचा सत्कार आहे."

"आग लाव तुना सत्कारले! मी बार खेळाले येल शे!"

आमच्यातली एकही बोलेना. कुणी डोळ्यांना पदर लावला, कुणी "बिचारी" म्हणालं. ती आणखी चार-पाच शिव्या देऊन थांबली. मग तिचा आवाज चिरकला.

"पुष्पे! मुकी व्हयी गयी का? मनी दया येस का तुले?"

मला नियम आडवा येत होता. जिचं माहेर रस्त्याखाली गेलं, तिला त्या माहेरावरून कसं बोलायचं? पण तिच्याकडे पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. मशीननं घरं पाडली होती. गल्ली संपली, असं तिच्या तोंडावर अजून कुणी म्हटलं नव्हतं. ते आम्ही म्हणत होतो, हातात शाल घेऊन.

मी उठले, पदर खोचला आणि नाल्याच्या कडेला गेले.

"का वं, भोकरगल्लीनी म्हैस! येकलीच उनी का? बाकीन्या बठ्ठ्या घरमा दडी बसेल शेतस का?"

मेघानं माझा हात धरला. पलीकडे भिकुबाई दोन्ही हात कमरेवर ठेवून खदखदून हसली.

"त्या सयपाक करी राह्यन्यात! तुनासाठे मी येकलीच पुरी शे!"

मग आमच्या चाळीस जणी एकदम सुटल्या. ती एकेकीला नावानं गाठून उत्तर देत होती. एका ट्रकवाल्यानं मान बाहेर काढून हॉर्न वाजवला, त्यालाही तिनं सोडलं नाही. तासाभरात आमचे सगळ्यांचे घसे बसले, ती बोलतच होती. यंदाचा बार भोकरगल्लीनं जिंकला.