चित्र माझं, तोंड तुझं

नवा माणूस समोर आला की राजेशमअण्णा आधी त्याच्या मानेकडे बघायचे. चेहरा नंतर, नाव त्याहून नंतर. मान लांब आहे की आखूड, गिळताना गळ्याची घाटी किती वर चढते, हे सगळं निवांत बघून झालं की मग म्हणायचे, "बस की." ज्याला काही माहीत नसायचं त्याला वाटायचं, आपल्या गळ्याला काहीतरी लागलंय, आणि तो हात फिरवून बघायचा. ज्याला माहीत असायचं तो सोलापूरच्या उन्हातसुद्धा गळ्याला टॉवेल गुंडाळून यायचा.

अण्णा 'हैबत बारगीर' नावाची चित्रकथा काढायचे. हैबत हा भाडोत्री शिपाई. बारगीर म्हणजे ज्याचा घोडासुद्धा स्वतःचा नाही, सरकारातून मिळालेला. आमचा भुईकोट किल्ला कधी विजापूरकरांकडे तर कधी निजामशाहीकडे असायचा, त्या काळातली गोष्ट. हैबत सकाळी एकाच्या घोड्यावर बसायचा, संध्याकाळी दुसऱ्याच्या. जो पगार देईल त्याच्यासाठी मारायचं, एवढाच त्याचा धर्म. दर अंकात पाच-सहा माणसं मरायची आणि त्यांचे चेहरे अण्णा आजूबाजूच्या माणसांचे काढायचे. नळ सोडणारा, दवाखान्यातला कंपाउंडर, कोपऱ्यावरचा न्हावी, सगळे एकेकदा मरून झाले होते. काहींनी भांडणं केली. चहावाल्याने मात्र स्वतःच्या तुटलेल्या मुंडक्याचं पान लॅमिनेट करून दुकानात लावलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत राहिला.

अण्णा सोलापूरच्या पूर्वभागातले, तेलुगू विणकरांच्या वस्तीतले. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही. पंचवीस वर्षं त्यांनी चादरींची डिझाइनं काढली होती. ग्राफपेपरवर एकेक चौकोन भरून मोर, कमळ, घोडा उभा करायचा. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि ते पुठ्ठे मागावर चढवायचे. मग ते काम कॉम्प्युटरवर होऊ लागलं आणि मालकाने त्यांना घरी बसवलं. निरोपाला एक चादर दिली, अण्णांच्याच मोराची. पहिल्या अंकात हैबतने जे पहिलं मुंडकं उडवलं ते याच मालकाचं. "पंचवीस वर्षं त्याची मान बघितलो," अण्णा म्हणाले, "चुकायचं काय कारण?"

तो पहिला अंक सोळा पानांचा होता. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसमध्ये, लग्नाची तिथी नसलेल्या महिन्यात छापलेला. काळा आणि लाल, दोनच रंग, कारण प्रेसवाल्याकडे पत्रिकांची लाल शाई उरली होती. लोकांच्या लग्नाच्या लाल रंगात हैबतने पाडलेलं रक्त छापलं जायचं. एसटी स्टँडवरच्या पेपर स्टॉलवर अंक टांगलेले असायचे. तिथून ते वैरागच्या, माढ्याच्या आठवडी बाजारापर्यंत जायचे.

मी शाळेत मराठी शिकवायचो. वर्गात जप्त केलेला हा पहिला अंक घरी नेला आणि सगळ्या सोळा पानांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या. मी तसलाच माणूस होतो. ते पान न् पान रंगवलेलं पुस्तक घेऊन मी अण्णांकडे गेलो. अंगणात अण्णांची बायको, म्हणजे वहिनी, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. अण्णांनी माझ्या मानेकडे बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "तुझी मान काय कामाची न्हाय, मास्तर. अक्षर बरं हाय. बस की."

तेव्हापासून पुढचे दहा अंक आम्ही दोघांनी केले. कामाची पद्धत अशी की अण्णा सोळाही पानं काढून टाकायचे, संवादांचे फुगे रिकामे ठेवून. गोष्ट काय हे मला सांगायचे नाहीत. मला वाटतं, त्यांनाही ठाऊक नसायची. कोण कुणाला का मारतोय हे मी त्या चित्रांकडे बघून ठरवायचं आणि फुग्यांत लिहायचं. मी विचारलं की उत्तर एकच. "चित्र माझं, तोंड तुझं."

हैबत असा का झाला, हे मात्र लिहायला सक्त मनाई होती. एकदा मी त्याच्या लहानपणी गाव जाळल्याचं दोन ओळींत घुसवलं. अण्णांनी पांढरा रंग घेऊन दोन्ही ओळी पुसल्या. "त्याला आई देऊ नको, मास्तर. आई दिलास की लोकं त्याला माफ करत्यात. मेलेल्यांची आई न्हवती व्हय?" हे बोलताना ते हसायचे. माणसाला दुखलेलं बघितलं की त्यांच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता यायची ती मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही. वहिनींचं बोट कात्रीने कापलं, तेव्हा त्यांनी आधी ते चित्रात उतरवून घेतलं आणि मग चिंधी आणून दिली. मला ते आवडायचे. का आवडायचे, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

नववा अंक आला तो सिद्रामप्पाचा. सिद्रामप्पा मूळचा दुधनीकडचा, शेजारच्या चादरीच्या कारखान्यात कारकून. रोज किती चादरी निघाल्या ते लिहिणारा, गरीब गायीसारखा माणूस. मान मात्र चांगली लांब. अण्णा कित्येक महिने ती हेरून होते. शेवटच्या चार पानांत त्यांनी त्याला किल्ल्याच्या दरवाजाशी उभा केला. हैबत येतो, काहीतरी बोलतो, तो माणूस काहीतरी बोलतो, तलवार फिरते. दोन फुगे, दोन्ही रिकामे.

त्याच महिन्यात त्या कारखान्यात भानगड झाली होती. कामगारांनी गुपचूप बैठक घेतली, ती मालकाला आधीच कळली आणि दोघांची नोकरी गेली. आतली बातमी बाहेर कुणी नेली याची चहाच्या टपरीवर रोज चर्चा. मी ती ऐकली होती. मला कारण हवंच होतं, ते आयतं मिळालं. हैबतच्या फुग्यात मी लिहिलं, "आतल्या गोष्टी बाहेर नेतोस, फितुरा?" आणि मरणाऱ्याच्या फुग्यात, "दोन घास जास्त मिळाले, म्हणून." लिहिताना मला हसू आलं. छान जमलं, असं वाटलं. सिद्रामप्पाने बातमी नेली असेल असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं. मी त्याचा विचारच केला नव्हता.

आठवड्यात ते पान कारखान्याच्या भिंतीवर चिकटलं. कामगार सिद्रामप्पाच्या माठातलं पाणी पिईनासे झाले. मालकाने म्हटलं, माणसं तुझं ऐकत नाहीत, तू कशाला हवास. दुधनीत त्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. अंक तिथेही पोचला आणि सोयरीक मोडली. खबर देणारा दुसराच होता हे पुढे वर्षभराने कळलं, पण तोवर सिद्रामप्पाचं नावच 'फितूर' पडलं होतं, आणि पडलेलं नाव कोण कशाला बदलतो?

तो अण्णांकडे आला तेव्हा मी तिथेच होतो, दहाव्या अंकाचे फुगे भरत. टोपी हातात घेऊन तो उंबऱ्यात उभा राहिला.

"हे कुणी लिवलं, अण्णा?" त्याने ते पान पुढे केलं.

माझ्या हातातलं पेन थांबलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मी," ते म्हणाले.

"म्या न्हाय हो बातमी दिली. देवाशपथ न्हाय. पुढच्या पुस्तकात एवढंच लिवा, की हैबतनं चुकून भलत्यालाच मारलं. दोन ओळी लिवा. पोरीचं मोडलेलं लगीन तरी जुळंल."

"हैबत चुकत न्हाय," अण्णा म्हणाले आणि ब्रश धुवायला लागले.

सिद्रामप्पा माझ्याकडे वळला. "सर, तुमी तरी सांगा की त्यास्नी." मी "बघतो" म्हणालो. तो गेल्यावर मला इतकं सुटल्यासारखं झालं की मी अण्णांचे आभार मानले. तुम्ही मला वाचवलंत, म्हणालो.

अण्णा मनापासून हसले. "वाचवलो? येडा हायस का बे. तुझं नाव सांगितलो असतो तर तो तुला दोन शिव्या देणार, तू त्याच्या पाया पडणार, रडणार, आणि घरी जाऊन जेवणार. मोकळा झालास. तसं नको. तुला पुरू दे की जरा." आणि दहाव्या अंकाचं पुढचं पान त्यांनी माझ्यासमोर सरकवलं.

तरीही दुसऱ्या दिवशी सिद्रामप्पाच्या घरी जाऊन मी खरं सांगू शकलो असतो. कुणी अडवलं नव्हतं. मी गेलो नाही, तिसऱ्या दिवशीही गेलो नाही, आणि मग जायचं ते जमेनासंच झालं. माझी नोकरी होती, लोक मला सर म्हणायचे.

अकरा अंकांनंतर प्रेस बंद पडला. एका दैनिकाने रविवारी अर्धं पान दिलं. आठेक महिने हैबत तिथे तलवार चालवत होता. मग एका पुढाऱ्याला मेलेल्यांत स्वतःची मान दिसली आणि ते पान राशिभविष्याला गेलं. पुढे बरीच वर्षं हैबत ट्रंकेत पडून होता. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला, आणि सिद्रामप्पा एका मंगल कार्यालयात वॉचमन झाला. दुसऱ्यांच्या लग्नात तो गेटवर उभा असायचा. मुलगी घरीच राहिली होती.

मग पुण्यातल्या एका प्रकाशकाने अकराही अंक एकत्र काढायचं ठरवलं. जाड कागद, कापडी बांधणी आणि मुखपृष्ठावर दोन नावं: चित्रं अण्णांची, लेखन माझं. जुन्या अंकांवर माझं नाव कधीच नव्हतं. मास्तर माणूस, शाळेत कळायला नको म्हणून मीच घालू दिलं नव्हतं. संपादिका बाई स्वतः सोलापूरला आल्या. त्यांनी अण्णांना विचारलं, हैबतबद्दल वाचकाला सहानुभूती वाटेल असं एखादं प्रकरण नव्याने घालता येईल का?

"सहानुभूती हाय तर मेलेल्यांना द्या की," अण्णा म्हणाले. "ती माणसं मी काय फुकट काढलो व्हय?" बाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही.

पुस्तक येणार ही बातमी पेपरात वाचून सिद्रामप्पा माझ्या घरी आला. खुर्चीवर बसला नाही. "सर, आता नव्यानं छापायलेत म्हणं. तेवढा एक शबुद काढा. पोरीचं काय, आता तिचं वय गेलं. पण म्या मरायच्या आत निघू दे." मी शब्द दिला. बातमीत माझंही नाव कशासाठी आहे, हे त्याने विचारलं नाही; विचारलं असतं तर 'शुद्धलेखन तपासलं' असं उत्तर मी तयार ठेवलं होतं.

मूळ पान घेऊन मी अण्णांकडे गेलो. त्यांनी पांढऱ्या रंगाची बाटली माझ्या हातात दिली. "तोंड तुझं. बदल. माझं काय बी म्हणणं न्हाय." मी घरी आलो आणि आधी फुग्याशेजारी पेन्सिलीने नवा मजकूर लिहून बघितला. हैबत म्हणतो, "माणूस भलताच निघाला." चांगला होता. संपादिका बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "सर, त्या फितुराच्या पानासाठी तर आम्ही ही मालिका घेतली. 'दोन घास जास्त मिळाले, म्हणून', याच्यासारखं वाक्य मराठी चित्रकथेत दुसरं नाही. पण तुम्ही लेखक आहात, तुम्ही ठरवा."

लेखक म्हणून मला तोवर कुणी हाक मारली नव्हती. मी खोडरबर घेतलं आणि पेन्सिलीचा मजकूर पुसून टाकला. इतक्या साध्या गोष्टीसाठी मी एका माणसाचं नाव विकलं. पगारसुद्धा घेतला नाही. हैबत माझ्यापेक्षा बरा.

अण्णांनी पान डोळ्याजवळ नेऊन बघितलं, फुग्याशेजारच्या खोडलेल्या पेन्सिलीच्या खुणांवरून बोट फिरवलं. "न्हाय बदललास," म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर ती प्रसन्नता आली होती. पुस्तकाचं नाव झालं, परीक्षणांत ते वाक्य छापून आलं. आता हैबत मोबाइलवरही वाचता येतो. सिद्रामप्पाचा चेहरा दोन बोटांनी हवा तेवढा मोठा करून बघता येतो.

गेल्या वर्षी अण्णा गेले. शेवटी दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, सरकारी दवाखान्यात शेजारच्या खाटेवरचा माणूस कण्हायला लागला की विचारायचे, "मान कशी हाय त्याची?" वहिनी रडल्या नाहीत. त्या माझ्या समोरच विड्यांची पानं भिजत घालायला उठल्या.

दहाव्याला सिद्रामप्पा आला होता. आता अण्णा नव्हते, मला अडवायला कारणही नव्हतं. मी त्याला मांडवाबाहेर बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. तो शब्द माझा. ती ओळ माझी. अण्णांनी फक्त चित्र काढलं होतं. पुस्तकाच्या वेळीही बदलणं माझ्या हातात होतं, मी बदललं नाही. आणि बोलताना मला, खरं सांगतो, बरं वाटत होतं.

सिद्रामप्पाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मान हलवली. "पुरे करा, सर. राजेशमनं मला समदं सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"मास्तर तुझ्यापायी माझ्याशी लई भांडला म्हणून. दोन्ही टायमाला. मास्तरनं नवी ओळसुदीक लिवून आणली, मी पुसून टाकलो, म्हणला. हसत हसत सांगत होता, कसाई." त्याचे डोळे भरले. "आन् आता तो मेला तर तुमी त्याचं पाप अंगावर घ्यायलाव. एवढं चांगलं असू ने माणसानं."

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. पेन्सिलीने लिहिलेलं वाक्य शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. तर तो म्हणाला, बघा, तुमीच लिवलं होतं न्हवं. आणि माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा तो माणूस दहाव्याला जमलेल्या चार लोकांदेखत वाकला आणि माझ्या पायांना हात लावून म्हणाला, "रविवारी घरी जेवाय या. पोरगीला तुमास्नी बघायचंय. राजेशमनं सांगितल्यापासनं ती तुमचं नाव घेती."

रविवारी मी गेलो. मुलीचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. तिने शेंगापोळ्या केल्या होत्या आणि वाढताना सारखी म्हणत होती, "सर, लाजू नका, घ्या की." मी दोन खाल्ल्या. तिने तिसरी ताटात टाकली, वर तुपाची धार सोडली, आणि तीही मी खाल्ली.