सरूबाईंनी घेतलेलं नाव

लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली तरी सरूबाईंनी नवऱ्याचं नाव साध्या बोलण्यात कधी घेतलं नव्हतं. ‘आदेशचे वडील’, ‘आमचं मालक’, नाहीतर नुसतं ‘अवं’. एवढ्यावर आणे गावच्या पठारावरचा त्यांचा संसार चालला होता. शिवारात लांब गेलेल्या नवऱ्याला बोलवायचं असलं की त्या बैलाला हाक मारायच्या, आणि जानकू काय ते समजून घ्यायचे.

नाव निघायचं ते फक्त उखाण्यात, आणि उखाणा रचण्यात त्यांचा हात धरणारी गावात दुसरी कुणी नव्हती. दोन हजार एकच्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या घोळक्यात बायकांनी आग्रह केला, तेव्हा त्या पदर सावरत म्हणाल्या,

“आण्याच्या पठारावर वारा सुटलाय फार,
जानकूराव घोरतात, हलतं घराचं दार.”

तिळगुळापेक्षा हा उखाणाच जास्त घरांत पोचला. दुसऱ्या दिवशी जानकू डेअरीवर दूध घालायला गेले, तर रांगेतला प्रत्येक जण दाराची चौकशी करायला लागला. बिजागरी नवीन बसवा भाऊ, असंही कुणी सुचवलं. जानकूंनी घरी येऊन रिकामी किटली ओट्यावर ठेवली, टोपी झटकून डोक्यावर घातली आणि निघून गेले. दिवस मावळला तरी परतले नाहीत.

गाव कामाला लागलं. त्या साली तालुक्यात बिबट्याचा बोभाटा होता, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर गेला. उसाचे फड धुंडाळून झाले. मग विहिरीत गळ टाकले, तर एक बादली निघाली. शेवटी काठावर एक चप्पल सापडली. ती हातात धरून सरूबाई खाली बसल्या. पण तेवढ्यात गर्दीतला एक जण पुढे आला, ती आपल्या पायात सरकवून म्हणाला, आठवडा झाला शोधतोय. तपासातला एकुलता एक पुरावा फटक फटक वाजत निघून गेला.

सकाळी विचारपूस करायला आलेल्या शेजारणीला सरूबाई एवढंच म्हणाल्या, “दार लई गप व्हतं गं.” मग त्या चौकीत गेल्या.

हवालदार पोपट यांनी तक्रार घ्यायला कागद पुढे ओढला आणि हरवलेल्या इसमाचं नाव विचारलं.

“आदेशचे वडील.”

पोपटांनी समजावलं की असे वडील पुष्कळ असतात. सरूबाईंनी जमिनीकडे बघितलं. आदेशसकट गावातली सगळी माणसं पुन्हा शिवारात पांगलेली, सोबत नाव सांगायला कुणी नाही. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि घाईत तोंडात आला तो घोरण्याचाच उखाणा म्हटला. पलीकडच्या टेबलावरचा शिपाई खुर्चीसकट वळला.

पोपटांनी पेन खाली ठेवलं. “बाई, हे आधी कुठं म्हटलं होतंत?”

त्यांनी हळदीकुंकवाचं सांगितलं, डेअरीचंही सांगितलं.

“म्हणजे रुसलेत. आता मला सांगा, तुम्ही रुसलात तर कुठं जाता?”

“म्हायेरी. लोणीला, भावाकडं.”

“मग?”

“मग हे येत्यात न्यायला.”

म्हणाल्या, आणि थांबल्या. जानकू ज्या घरात जन्मले त्याच घरात नांदत होते. तिथून रुसायचं ठरवलं तर त्यांनी जायचं कुठं?

पोपट म्हणाले, की पुरुषमाणसाला कुठलं आलंय माहेर. पण तोवर सरूबाईंनी पिशवी उचलली होती.

लोणीला भावाच्या, गोरखच्या, अंगणात जानकू मेव्हण्याचा सदरा घालून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. चेहरा जेवून तृप्त झालेल्या माणसाचा, पण नजर रस्त्यावर. सरूबाईंना फाटकात बघून ती पटकन शेंगांकडे वळली. गोरख कानकोंडा झाला. दाजींनी शपथ घातली होती ताई, म्हणाला. ती स्वतः आल्याबिगर कुणाला कळवायचं न्हाई.

सरूबाई रागाने पुढे झाल्या, तर फाटकातच वहिनी, अंजना, हात आडवा लावून उभी. “वन्सं, आमच्या पावण्याला न्यायला आलाय. नाव घेतल्याबिगर आत सोडायची न्हाई.”

दोन दिवसांचा धसका आणि एस.टी.ची धूळ अजून अंगावर होती. सरूबाईंनी वहिनीकडे बघितलंच नाही.

“लोणीला आले धावत, उतरून आण्याचा घाट,
जानकूराव, उठा आता, घर बघतंय वाट.”

शेंग फोडणारी बोटं थांबली. उखाण्यातलं नाव नेहमी दुसऱ्यांना ऐकवायचं असतं. आज ते थेट त्यांना मारलेली हाक होती, आणि मध्ये बैल नव्हता.

जानकूंनी मांडीवरची टरफलं झटकली. मग, दर खेपेला सरूबाई याच अंगणात जे म्हणायच्या, तेच त्यांनी म्हटलं. “आज न्हाई. उद्या बघू. च्या घे आधी.”

परतल्यावर दोघं चौकीत गेली. इसम मिळून आला, असं लिहून पोपटांनी विचारलं, “कुठं मिळून आला?”

“म्हायेरी,” सरूबाई म्हणाल्या.

“तुमच्या?”

त्यांनी शेजारी बघितलं. जानकू टोपी झटकत होते.

“आता यांच्याबी.”