तिसऱ्या तारेची भुणभुण

दिवाळी होऊन पंधराएक दिवस झाले असतील. सकाळी नेहमीसारखी गिटार मांडीवर घेतली, तिसऱ्या तारेवरून बार वर सरकवला, आणि सुराच्या मागून बारीक भुणभुण आली. बरणीत माशी अडकावी तशी. मी थांबले. पुन्हा वाजवलं. पुन्हा आली.

माझी गिटार हवाईयन. ती आडवी ठेवून वाजवतात. डाव्या हातात लोखंडाचा एक गुळगुळीत बार असतो, तो तारेवरून सरकवला की सूर घसरत घसरत वर जातो, गाणाऱ्याच्या गळ्यासारखा. नोकरी लागली तेव्हा आर्वीला एका सरांकडे शिकले. पुढे गावोगावच्या शाळांमध्ये बदल्या होत गेल्या, गिटार सोबत फिरली. मी फार चांगली वाजवते असं नाही. पण रोज वाजवते, आणि निवृत्तीनंतर तर दिवसाची सुरुवातच तिनं होते.

पहिल्यांदा वाटलं, तार जुनी झाली. नवी चढवली. भुणभुण तशीच. बार पुसला, उलटा करून पाहिला. मग खोलीच्या मागे लागले. वाद्य वाजलं की घरातल्या वस्तूही थरथरतात, हे सरांनी शिकवलं होतं. म्हणून भिंतीवरच्या तसबिरी उतरवल्या, मांडणीवरचे पेले गादीवर नेऊन ठेवले, पंखा बंद केला, खिडकीची सैल काच कागदाची घडी घालून घट्ट केली. उघड्याबोडक्या खोलीत बसून पुन्हा वाजवलं. बार बाराव्या घराशी, म्हणजे तारेखालच्या बाराव्या पट्टीशी, पोचला की ती हजर.

नागपूरच्या वाद्यांच्या दुकानात फोन केला. तिथले म्हातारे कारागीर माझ्या गिटारीला आवाजावरून ओळखायचे. फोन त्यांच्या मुलानं घेतला. म्हणाला, "बाबा मागच्या वर्षी गेले. आता आम्ही मोबाईलचं काम करतो. तुम्ही असं करा, आवाज रेकॉर्ड करून पाठवा, कोणाला तरी विचारतो." मी रेकॉर्ड केला. ऐकला, तर सूर स्वच्छ. इतकी बारीक भुणभुण फोननं पकडलीच नव्हती.

खरं म्हणजे असा आवाज शोधायला दोन माणसं लागतात. एकानं वाजवायचं आणि दुसऱ्यानं बोटानं एकेक जागा दाबत जायचं. जिथं दाबल्यावर भुणभुण थांबेल तिथं दोष. माझे दोन्ही हात वाजवण्यात गुंतलेले. तिसरा हात सोळा वर्षं ताईचा होता.

ताई माझी थोरली बहीण. भाऊजी गेल्यावर ती माझ्याकडे, वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला आली आणि राहिली. मी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. तिला वाजवता काही येत नव्हतं, पण कान असा की मी स्वयंपाकघरात नुसतं पातेलं ठेवलं तरी कोणतं ठेवलं ते बाहेरून सांगायची. गिटारीत काही खरखरलं की हातातलं काम टाकून यायची, "वाजव," म्हणायची, आणि दोन मिनिटांत दोषावर बोट. गेल्या वर्षी तिच्या मुलाला, माझ्या भाच्याला, पुलगावात नोकरीचं क्वार्टर मिळालं. त्याच्या मुलीला शाळेतून आल्यावर पाहायला घरात कोणीतरी हवं होतं. ताई गेली. पुलगाव म्हणजे गाडीनं अर्धा तास. जाताना ती म्हणाली होती, "हे काय, इथंच तर हाय मी." त्यानंतर ती एकदाच आली, तीही एका लग्नाच्या निमित्तानं.

मी गिटार पेटीत घातली आणि वर्ध्याहून पॅसेंजर पकडली.

ताईला पेटी पाहून हसू आलं. "एवढी घेऊन आली? फोन नाई करायचा?"

"फोनवर ऐकू येत नाई ती."

चहा झाला. भाचा आणि सून कामावर, नात शाळेत. टीव्ही मोठ्यानं चालू होता, तो मी बंद केला. ताई पलंगाच्या कडेला माझ्यासमोर बसली आणि जुन्या सवयीनं घोडीवर, तारा टेकतात त्या पट्टीवर, बोट ठेवून म्हणाली, "वाजव."

मी वाजवलं. भुणभुण आली. तिचं बोट हललं नाही.

"वाजव ना."

पुन्हा वाजवलं. तिनं गिटारीच्या पोटावर हात ठेवला, मग मानेवर, मग तारा ताणायच्या खुंट्यांवर, पण बोट जागेवर टेकण्याआधीच उचलत होती. मान उजवीकडे कलती करून माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी कधी थांबते याची वाट पाहत असल्यासारखी.

"कुठं येऊन राह्यला आवाज?" तिनं विचारलं.

"येते ना, ताई. आता आली. बाराव्या घरावर."

"मले तर नाई आली." ती मागे सरकून बसली. "चांगली तर वाजून राह्यली. तुह्याच कानाचं काही असन. एकटी राह्यते ना तू, मंग असं होते माणसाले. नसलेलं ऐकू येते."

तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली, मग दुसरी, तिसरी. ताई जागची उठली नाही. मीच जाऊन गॅस बंद केला. परत आले तर म्हणाली, "झाल्या का शिट्या?"

जेवून मी दुपारच्या गाडीनं निघाले. गाडीत पेटी मांडीवर घेऊन बसले होते आणि डोक्यात तिचंच वाक्य. नसलेलं ऐकू येते. ताईला कमी ऐकू येतंय हे मला समोर दिसत होतं, तरी ते वाक्य हटेना. फोननंही भुणभुण ऐकली नव्हती, ताईनंही नाही. ऐकणारी मी एकटीच होते. आणि महिना-महिना माझ्याशी पाचदहा वाक्यांच्या वर कोणी बोलत नव्हतं, हेही खरं होतं.

पुढचे आठ-दहा दिवस विचित्र गेले. मी वाजवायची, थांबायची, कानात बोट घालून बघायची. नळाच्या पाण्यात, फ्रीजच्या घुरघुरीत तीच भुणभुण शोधायची. एकदा तर गिटार न घेताच ती ऐकू आल्यासारखी वाटली, आणि त्या दिवशी मी पेटी उघडलीच नाही.

आमच्या गल्लीत सकाळी एक भाजीवाली येते. जवळच्या गावात तिची वाडी आहे, मेथी, पालक, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं घरचंच. नवरा तिला गाडीवरून कोपऱ्यावर सोडतो आणि ती डोक्यावर टोपलं घेऊन घरोघर फिरते. आमचं बोलणं भाजीपुरतं. त्या दिवशी मी सांबार घेत होते, तर जुडी हातात देता देता ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या त्या वाजवायच्यात काही मोडलं का?"

"का? काय झालं?"

"नाई, ओसरीवर उभी राह्यली का ऐकू येते ना मले. अंदी चांगलं वाजत होतं. आता मधातच झिर्रर्र असं येऊन राह्यलं. पाण्याच्या मोटारीचं नट ढिलं झालं का येते, तसं."

मी म्हटलं, "तुला ऐकू येतं ते?"

"मले काऊन नाई येणार?" तिला माझ्या विचारण्याचं नवल वाटलं.

मी तिला आत बोलावलं. टोपलं ओसरीवर ठेवून, पदराला हात पुसून ती दारातच थांबली. मग आली आणि खाली फरशीवर बसायला लागली. मी तिला खुर्ची दिली, गिटार टेबलावर आडवी ठेवली आणि काय करायचं ते सांगितलं. मी वाजवत राहिले, ती बोटानं दाबत गेली. तिची बोटं मातीनं आणि मेथीच्या रसानं काळसर झालेली, पण दाब मोजका. घोडी, पोट, कडा, मान. दाबून ती क्षणभर थांबायची, मान हलवायची, पुढं जायची. खुंट्यांपाशी आल्यावर एकेक दाबत गेली आणि एकाएकी भुणभुण गेली.

"हे घ्या," ती म्हणाली. बोट उचललं, भुणभुण आली. ठेवलं, गेली. "इथंच हाय. ह्याचं वायसर पाहा, फिरून राह्यलं."

खरोखरच खुंटीच्या बुडाशी असलेली पातळ गोल चकती नखानं फिरत होती. थंडी पडून लाकूड आक्रसलं, तशी ती सैल झाली असणार. शिलाई मशीनचा पाना काढला, बारका नट अर्धा वेढा आवळला. तारेवर बार टेकवून वर नेला, बाराव्या घरावर थांबले. नुसता सूर.

"झालं," ती उठली. "पालक सुकून जाईन माहा." मी चहाचं विचारलं तर म्हणाली, "पुढच्या गल्लीतल्या बायका वाट पाहतात." टोपलं डोक्यावर चढवायला मी हात लावला आणि ती गेली. तिच्या दृष्टीनं नट आवळण्यापलीकडे काही झालं नव्हतं. मी मात्र आत येऊन रडले. आवाज होता. मी जे ऐकत होते ते होतं.

मग तसबिरी परत भिंतीवर लावल्या. ते करता करता ताईचं काय करायचं हा विचार आला. गप्प राहणं सोपं होतं. पण कुकरच्या तीन शिट्या, घरात शाळेतून येणारी लहान मुलगी... मी भाच्याला फोन करून सांगितलं, तिचे कान तपासून घे.

ताईला ते लागलं. त्याच दिवशी तिचा फोन आला. "गिटार घेऊन आली होती ते माह्यी परीक्षा घ्याले आली होती का?"

"नाही गं. मला खरंच आवाज शोधायचा होता."

"मंग मले सांगायचं होतं. पोराले काऊन सांगितलं?"

तिला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, हेच खरं होतं, आणि तेवढंही मला फोनवर बोलता आलं नाही. त्यानंतर दीड महिना तिचा फोन आला नाही. मी केला की सून उचलायची, "आई झोपल्यात," म्हणायची.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले. ताईच्या कानात मशीन होतं, केसांनी झाकलेलं. तिनं वाटी घेतली, गोड बोल म्हणाली, पण जवळ बसली नाही. निघताना मात्र फाटकापर्यंत आली. म्हणाली, "फार आवाज येते याच्यानं. भांड्याचा, पंख्याचा, सगळ्याचा. मी काढूनच ठेवत असते."

आता दर रविवारी तिचा फोन येतो. मी फोन टेबलावर ठेवून एखादं गाणं वाजवते. संपलं की ती म्हणते, "चांगलं झालं." मशीन कानात होतं की नाही, हे मी विचारत नाही. मग ती नातीच्या शाळेचं सांगते, आणि मी ऐकत बसते.