चार प्लग आणि परत आलेली पत्रिका

डॉक्टरांनी सकाळी मुलीला सांगितलं आणि मुलीने मला. फोनवर वर्षा एवढंच म्हणाली, “आई, बाबा गेले...” त्याला आता दीड महिना होईल. या दिवसांत हिंगणघाटच्या आमच्या घरी जो जो भेटायला आला, त्याने एकच सांगितलं: मनोहरराव फार शांत माणूस, कोणाला कधी दुखावलं नाही, सगळ्यांचं ऐकून घेतलं. मी चहा देत गेले, मान हलवत गेले. आता मात्र माझ्याने राहवत नाही. ऐकून घ्यायचे हे खरं, पण करायचे आपल्याच मनाचं, आणि तेही आवाज न चढवता, म्हणून तर समोरचा जास्त चिडायचा. मेल्यावर माणसाला असं गुळमुळीत करून टाकायला निदान त्याची बायको तरी तयार नाही.

यांचं कापडाचं दुकान होतं, पण जीव गाडीत. राखाडी रंगाची, गिअर स्टिअरिंगजवळ असलेली ती पेट्रोलची गाडी आम्ही घेतली तेव्हाच म्हातारी होती. नव्वदनंतर बाजारपेठेत सगळ्यांच्या दारात नव्या छोट्या गाड्या आल्या. “शेटजी, हे खटारं कधी काढता?” असं कोणी विचारलं की हे म्हणायचे, “रोज सकाळी काढतो ना!” सुट्टीच्या दिवशी बॉनेट उघडायचं आणि इंजिनातले चारही स्पार्क प्लग पान्याने सोडवून अंगणात वर्तमानपत्रावर मांडायचे. काजळी तारेच्या ब्रशने घासायची, पेट्रोलने धुवायचं, मग प्लगचं टोक आणि त्यावर वाकलेली इवलीशी दांडी यांच्यातली फट बारीक पात्यांनी मोजत बसायचं. या ‘गॅप’वरून आमची कितीदा जुंपली असेल! मी शाळामास्तरीण, मला रविवारी वह्या तपासायच्या असत, आणि हे मला तिथे उभं करून प्लग हातात धरायला लावत. “जास्त ठेवली तं ठिणगी पडत नाई, कमी ठेवली तं ठिणगीत दम नाई राह्यत,” असं बजावत. फट बिघडली की गाडी ‘मिसिंग’ करते, म्हणजे चारातला एक सिलिंडर काम सोडून बसतो आणि गाडी धक्के खात चालते, हे मी न शिकायचं ठरवूनही शिकले. प्लग झिजले की नवे यायचे, पण जुने काही टाकवत नसत. डालड्याच्या डब्यात ते साठत गेले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर वर्षाने वर्ध्याला नोकरी धरली आणि तिथलाच एक मुलगा पसंत केला. मुलगा चांगला, जात दुसरी. घरात काय झालं असेल ते सांगायला नको. यांनी मुलीला एकच प्रश्न विचारला, “तुयं पक्कं हाय ना?” ती हो म्हणाली आणि यांच्यापुरता विषय संपला. इतरांसाठी तो तिथून सुरू झाला. लग्न वर्ध्यालाच ठरलं, वर्षा तिथेच होती; मुलाकडच्यांनी छापलेली लग्नपत्रिका आम्ही नातेवाइकांना वाटली. माझे धाकटे दीर, प्रभाकर भाऊजी, लग्नाच्या आदल्या दिवशी ती परत घेऊन आले आणि आमच्या टेबलावर ठेवली. भाऊजींचं घर आमच्याच आवारात, अंगण एकच. त्यांची पल्लवी तेव्हा एवढीशी होती.

“दादा, तुम्ही जाऊ नका. माह्या पोरीले उद्या कोन करून घेईन?” असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते. मग म्हणाले, “सांगून द्या, गाडी बंद पडली. तुमच्या गाडीचं कोनी इचारनार बी नाई.”

हे म्हणाले, “गाडीवर काऊन ढकलतं? मले जायचं हाय.”

भाऊजींचं चुकत नव्हतं, बापाचं काळीज असतं, असं आता बरेच जण म्हणतात. मी म्हणत नाही. चुकतच होतं. काळीज काय एकाच बापाला असतं?

लग्नाच्या सकाळी हे नवा पांढरा शर्ट घालून गाडीत बसले. किल्ली फिरवली, इंजिन नुसतंच घरघरलं. बॉनेट उघडलं तर चारही प्लग गायब. तारा लोंबत होत्या. पुढच्या सीटखालची मोजायच्या पात्यांची डबीसुद्धा नेलेली. पलीकडे भाऊजींच्या घराची खिडकी बंद होती. “बसनं जाऊ, चला,” मी म्हणाले. हे म्हणाले, “गाडी असून बसनं गेलो तं गाडी बंद पडली हेच खरं होईन. डालड्याचा डबा आन.”

डब्यातले झिजके प्लग अंगणात ओतले. त्यातले चार बरे निवडून आम्ही दोघांनी पॉलिश पेपरने घासले. झिजल्यामुळे फटी रुंद झाल्या होत्या, पान्याने हलकेच ठोकून त्या कमी केल्या. पण मोजायच्या कशाने? यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि टेबलावरची ती परत आलेली पत्रिका मागितली. तिची पट्टी कापली, दुमडून दुहेरी केली आणि एकेका प्लगच्या फटीतून सरकवून पाहिली. जिथे अडली तिथे सैल केलं, जिथे सहज गेली तिथे परत ठोकलं. “परभाकरची पत्रिका कामी आली बरं का,” असं म्हणून चक्क हसले... मला रडू येत होतं आणि हा माणूस हसत होता.

वर्ध्यापर्यंत गाडी मिसिंग करतच गेली. वर्ध्याला लागूनच असलेल्या बोरगाव मेघेच्या मंडपात लोक ताटकळले होते, वर्षाकडे मला बघवेना. नंतर ती म्हणाली, धक्के खात येणारा आवाज मंडपाबाहेर ऐकला आणि बाबा आले हे कळलं. यांचे हात कोपरापर्यंत काळे. भटजींनी हात धुऊन यायला सांगितलं. हे म्हणाले, “आधीच उशीर झाला गुरुजी, असेच चालतीन.” आणि त्याच हातांनी कन्यादान केलं. वर्षाच्या हळदीच्या तळव्यावर काळे डाग उमटले. तिने ते दिवसभर धुतले नाहीत.

प्लग कोणी काढले ते दोन्ही घरांना माहीत होतं. यांनी कधी विचारलं नाही आणि मला कधी विचारू दिलं नाही. एकाच अंगणात दोन भाऊ वर्षानुवर्षं पावसापाण्याचं तेवढं बोलत राहिले. भाऊजी खांदा द्यायला आले, ढसाढसा रडले. ते रडणं खरं होतं, तेही मी लिहिते.

तेराव्यानंतर एका दुपारी पल्लवी मागच्या दाराने आली. आता ती मोठी झाली, नोकरी करते. तिनेही आपला मुलगा आपणच निवडला आहे, आणि तोही जातीबाहेरचा.

“मोठी आई, आमच्या घरून कोनीच येऊन नाई राह्यलं. बाबानं सगळ्यायले बंदी केली. तू येशीन?”

“तुह्या बाबाले सांगून येऊ, का न सांगता?” मी विचारलं.

पोरगी म्हणाली, “सांगूनच येजो.”

भाऊजी ही रविवारची पुरवणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात, म्हणून इथेच सांगते. नवऱ्याला जाऊन वर्ष व्हायच्या आत लग्नाला निघाली असं लोक बोलतील, त्यांनी खुशाल बोलावं. पल्लवीच्या लग्नाला मी जाणार आहे, यांच्या त्याच राखाडी गाडीने, आणि गाडी वर्षा चालवणार आहे. चारही प्लग नवे आणलेत, गॅप मी स्वतः लावली आहे. आणि हो, भाऊजी... बॉनेटला साखळी घालून कुलूप लावलं आहे.