कोऱ्या डोळ्याचा मोर

निळ्या सुतातले ते दोन मोर अजून माझ्या नजरेसमोरून हलत नाहीत... चादरीवर समोरासमोर उभे; डावीकडच्याला टपोरा पांढरा डोळा आणि उजवीकडच्याच्या डोळ्याची जागा मात्र कोरी. सोलापुरात साखर पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत, सुताला लावायच्या खळीच्या आंबूस वासात आणि मागाच्या अखंड खडखडाटात माझ्या वडिलांनी, अप्पांनी, ती नक्षी घडवली होती. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांब माळ मागावर टांगलेली असे, जसं भोक तसं सूत उचललं जाई. त्यात उजव्या मोराच्या डोळ्याचं भोक अप्पांनी मुद्दाम पाडलं नव्हतं. बाळाच्या गालाला तीट लावतात ना, तशी ही चादरीची तीट. फार देखणं झालं की दृष्ट लागते, असं त्यांना मनापासून वाटे.

मी सातवीत असताना, ऐन फाल्गुनात, अप्पांचे भागीदार सायण्णा काका ती माळ न सांगता उचलून घेऊन गेले आणि गल्लीच्या टोकाला त्यांनी स्वतःचा माग मांडला. नक्षीच गेल्यावर आमचा माग बंद पडला आणि अप्पा दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊ लागले. आमच्या घरात एकाएकी एवढी शांतता झाली, की मला झोप येईना. संतापानं मी रात्रभर कूस बदलत राही.

त्याच दिवसांत शाळेत इतिहासाच्या बाईंनी ग्रीकांच्या नेमेसिस देवतेची गोष्ट सांगितली – पंख असलेली, हातात मापाची काठी घेऊन फिरणारी. ज्याचं सुख, ज्याचा माज मापाबाहेर गेला, त्याला ती गाठतेच. मला माझी देवी सापडली. मग वैशाखभर मी उंबऱ्यावर बसून काकांच्या दाराकडे टक लावून पाहत असे. गिरणीचा भोंगा झाला तरी दचके, घार फिरली तरी वर बघे. त्यातच एके दिवशी त्यांच्या दारात नवी चादर वाळत पडली आणि मी पाहिलं – काकांनी राहिलेलं भोक पाडून उजव्या मोरालाही डोळा दिला होता! तीटही पुसली, आता तर नेमेसिसला यावंच लागेल, असं मला वाटलं... ती आली नाही. काकांच्या घरी दुसरा माग आला आणि त्यांनी गल्लीभर पेढे वाटले.

आमच्या वाटणीचा पेढा हातात धरूनच मी अप्पांना विचारलं, काकांना शिक्षा कधी होणार? अप्पांनी काकांच्या दारात वाळत घातलेल्या तशाच एका चादरीकडे बोट केलं.

"चोरलं ते वाईटच की," ते म्हणाले. "पण डोळा दिला त्येनं मोराला. माझ्या मनात लई दिवस हुतं गं... धीरच झाला न्हाय."

त्या क्षणी मला काकांपेक्षा अप्पांचाच राग आला, आणि रडूही. नेमेसिसची वाट पाहणं मी सोडलं; ती अस्वस्थता मात्र सुटली नाही.

आता अप्पा नाहीत, मागही नाही. परवा नात टीव्हीवर कार्टून बघत होती. त्यात सोनेरी पंखांची नेमेसिस आभाळातून झेपावली आणि जाहिराती लागायच्या आत तिनं दुष्टाचा निकाल लावला. नातीनं टाळ्या पिटल्या. तिच्या मांडीवर अप्पांच्या हातची शेवटची चादर होती, धुऊन धुऊन विरलेली.

"आजी, ह्याला डोळा लाव ना," ती म्हणाली.

मी पांढरा दोरा ओवला, त्या कोऱ्या जागेवर सुई टेकवली... आणि तशीच बसून राहिले. धीर मलाही झाला नाही.