सरपंचाचा बैल आणि माझी रोझी

धारूरकडच्या दोस्तांनो, आत्ताच ग्रामसभेतून आलोय, डोकं लई तापलंय.

फौजेत मी कुत्री सांभाळायचो. माझी रोझी पुढं चालून पुरलेले सुरुंग हुडकायची. शेवटी सुरुंगातच गेली. फौजेतल्या कुत्र्यांनाबी शहिदाचा मान द्या, एवढा ठराव सरकारला धाडा म्हणलं.

सरपंच खो खो हसले. "फौजी, उद्या मांजराचा ठराव आणशील!" अख्खी सभा हसली.

बाहेर चौकात त्यांच्याच बैलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागलाय. शुभेच्छुक म्हणून सगळ्या मेंबरांचे फोटो.

सरपंच, बैलावर माझा राग न्हाई. पण सुरुंगाच्या वाटेवर त्याच्या मागं पाऊल टाकाल का?

मी रोझीच्या मागं टाकलं. म्हणून तर तुमचं हसणं ऐकायला जिता हाय.